कोयता वाचावा कसा? शेतातील धारदार अवजारांचा इतिहास आणि संग्रह

१.
काही वर्षांपूर्वी पुण्याच्या जुन्या बाजारात गंजलेल्या लोखंडाच्या ढिगातून मी एक कोयता विकत घेतला. घरी आणून ग्राइंडरवर घासला, चकचकीत केला, फुटलेली मूठ फेकून नवी बसवली आणि भिंतीवर टांगला. पुढे एका वृद्ध लोहारदादांना तो दाखवला. त्यांनी पात उजेडात धरली, वाकापाशी अंगठा फिरवला आणि म्हणाले, “पोलाद दिलेलं होतं ह्याला. तू तेच घासून टाकलंस की, बाळा. कुठल्या गावचा म्हणायचा हा?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजचा हा धागा त्या न दिलेल्या उत्तराविषयी आहे.

२.
इतिहासाची आवड असलेल्या आपल्या पिढीला तलवारी ओळखता येतात. धोप, पट्टा, कट्यार, बिचवा ही नावे मुखोद्गत असतात. मात्र ज्या कोयत्याने गडाकडे जाणारी वाट मोकळी केली, ज्या विळ्याने गडावरच्या कोठारातील धान्य कापले, त्यांच्याकडे आपण पुरावा म्हणून क्वचितच पाहतो. वास्तविक कागदपत्रांत ज्याचे नाव कधी आले नाही, अशा माणसाचा इतिहास सांगणारे हे मोजके दस्तऐवज आहेत. ते वाचण्याची रीत मात्र शिकावी लागते.

३.
प्रथम कुळे ओळखू. विळा चंद्रकोरीसारखा वाकलेला असतो आणि ओढून कापतो. काही विळ्यांना लोहार छिन्नीने बारीक दाते पाडतो, काहींची धार सपाट असते. खुरपे जमिनीलगत तण काढते. कोयता जड असतो. तो वजनाच्या झोकाने तोडतो. कोयती ही त्याची लहान बहीण. कुऱ्हाडीच्या पात्याला दांडा घालण्यासाठी नेढे असते, कोयत्याच्या पातीचे निमुळते टोक मात्र मुठीच्या आत ठोकलेले असते. ओढणे, खुरपणे आणि तोडणे या तीन क्रियांवरून अवजाराचे कूळ ठरते.

४.
अवजाराच्या आकाराकडे इतक्या बारकाईने पाहण्याची परंपरा फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन कृषिलेखक कोलुमेला याने द्राक्षवेलींच्या छाटणीच्या कोयत्याचे सहा भाग नावांसह सांगितले आहेत. मुठीजवळचा सरळ भाग ही सुरी, पुढे वाक, वाकानंतरची तासणी, टोकाची चोच, पाठीवरची अर्धचंद्राकार कुऱ्हाड आणि तिचे पुढे आलेले टोक. प्रत्येक भागाला वेलीवरचे स्वतंत्र काम नेमून दिलेले होते. म्हणजे एका पातीत सहा अवजारे! आपल्याकडील कोयता हाती घेतल्यावरही पहिला प्रश्न हाच विचारावा: यातला कोणता भाग कोणते काम करीत होता?

५.
इंग्लंडमध्ये कुंपणे विणणे आणि रानातील फांद्या तोडणे यांसाठी असाच कोयता लागे. परगण्यागणिक त्याचा आकार बदले. कुठे चोच लांब, कुठे पाठीवर दुसरी धार, तर यॉर्कशरच्या नमुन्याला लांब दांडा. सॉमरसेटमधील मेल्स या गावी १७४४ मध्ये जेम्स फसेल याने पाणचक्कीवर चालणारा धारदार अवजारांचा कारखाना उभारला आणि तो घराण्याकडे दीडशे वर्षे चालला. लक्षणीय गोष्ट अशी की, कारखानदारी आली तरी असे कारखाने प्रांतोप्रांतीचे जुने नमुनेच घडवीत राहिले. शेतकऱ्याच्या मनगटाला जो आकार सवयीचा, तोच तो विकत घेई. यंत्राला हाताची सवय मोडता आली नाही.

६.
तिथल्या पातींवर कारखान्याचा ठसा असतो, छापील सूचिपत्रे असतात, रेडिंग येथे १९५१ पासून ग्रामीण जीवनाचे संग्रहालयही आहे. त्यामुळे तिकडचा संग्राहक ठशावरून कारखाना आणि आकारावरून परगणा सांगू शकतो. आपल्याकडे बहुतेक पाती गावच्या लोहाराने घडवल्या. त्याचे सूचिपत्र त्याच्या डोक्यात होते आणि ठसा त्याच्या हातोड्याच्या घावांत. म्हणूनच आपल्या अवजारांची ओळख ठशापेक्षा माणसांच्या आठवणींवर अधिक अवलंबून आहे. ही माणसे आता वृद्ध झाली आहेत.

७.
आकारावरून प्रदेश कसा उमगतो, याची तीन उदाहरणे पाहू. पहिले कोकणातले. नारळ, आंबा, काजू, कुंपणाची काटेरी झुडपे, गुरांचा पाला अशा शंभर कामांसाठी कोकणी माणसाच्या कमरेला मागच्या बाजूस आकडी बांधलेली असे आणि तिच्यात कोयती अडकवलेली. झाडावर चढताना दोन्ही हात मोकळे राहावेत, ही त्यामागची गरज. संग्राहक कोयती घेतो आणि आकडी मागे ठेवतो, तेव्हा वाक्य अर्धवट तुटते. कोयती कशी वागवली जाई, हे आकडीखेरीज कळत नाही.

८.
दुसरे उदाहरण गोव्याचे. माडाची सूर काढणारा रेंदेर जी काती वापरतो, तिच्यात झोकाने घाव घालण्याचे वजन नसते. माडाच्या पोयीचा शेंडा रोज पातळ कापायचा, म्हणजे रस वाहता राहतो. त्यासाठी पात रुंद, पातळ आणि वस्तऱ्यासारखी तीक्ष्ण लागते. काती आणि नारळ सोलणारा कोयता यांना एकाच नावाखाली ठेवणारा संग्रह दोन भिन्न व्यवसायांची सरमिसळ करतो.

९.
तिसरे उदाहरण देशावरच्या उसाच्या फडातले. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, कारण बुडख्याकडे साखर अधिक असते. मग पाचट सोलायचे, वाढे छाटायचे आणि मोळी बांधायची. दिवसभर वाकून शेकडो घाव घालायचे असल्याने कोयता हातात तोललेला हवा. वजन मुठीकडे गेले तर घाव बसत नाही, टोकाकडे गेले तर मनगट भरून येते. हा तोल लोहार तराजूने मोजत नाही. पात तळहातावर तोलून पाहतो.

१०.
हा लोहार गावगाड्यातला बलुतेदार. फाळ, विळे, खुरपी यांची वर्षभराची दुरुस्ती तो करी आणि सुगीला धान्याच्या रूपाने बलुते घेई. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ मधील ‘गावगाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन आहे. ज्या वस्त्यांना कायमचा लोहार नव्हता, तिथे भटके घिसाडी येत. भाता, ऐरण आणि बिऱ्हाड एकाच गाड्यावर. पुरुष सांडशीत लोखंड धरतो आणि स्त्री घण घालते, हे दृश्य आजही रस्त्याकडेला दिसते. आपल्या संग्रहातील एखाद्या पातीवरचे घाव बाईच्या हातचे असू शकतात, याचा विचार आपण करतो का?

११.
या कारागिरीची मुळे महाराष्ट्रात फार खोल गेली आहेत. नागपूर परिसरातील जुनापाणी, माहुरझरी आणि नायकुंड येथील महापाषाणकालीन शिळावर्तुळांच्या उत्खननांत लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या आणि घोड्यांचे साज मिळाले. नायकुंडला तर लोखंड गाळण्याच्या भट्टीचे अवशेष सापडले. तिचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे सातशे वर्षे मानला जातो. माहुरझरीच्या काही कुऱ्हाडींवर पाते दांड्याला घट्ट राहावे म्हणून लोखंडी पट्ट्या फुलीच्या आकारात आवळलेल्या आहेत. दांड्यातून निसटणारे पाते ही तेव्हाच्याही कारागिराची चिंता होती.

१२.
पुढच्या काळात सह्याद्रीत, विशेषतः महाबळेश्वरच्या पठारावर, धावड लोक जांभ्या दगडातील लोह कोळशाच्या भट्टीत गाळीत असत. एकोणिसाव्या शतकात एकीकडे परदेशी लोखंड स्वस्त झाले, दुसरीकडे जंगलावरील निर्बंधांमुळे कोळसा महागला. भट्ट्या विझल्या. येथून पुढे गावच्या लोहाराच्या ऐरणीवर आयातीचे आणि भंगाराचे लोखंड येऊ लागले. आपल्या दृष्टीने हा बदल मोलाचा आहे, कारण पातीचे वय ठरविण्याची पहिली किल्ली तिच्या लोखंडातच दडलेली असते.

१३.
ही किल्ली वापरायची कशी? जुन्या पद्धतीच्या घडीव लोखंडावर गंज चढला की लाकडाच्या रेषांसारखे पदर दिसतात. असे लोखंड मऊ असल्याने लोहार धारेपुरती पोलादाची पट्टी तापवून, ठोकून जोडीत असे. त्या जोडाची अंधुक रेषा धारेला समांतर धावते. माझ्या कोयत्यावर लोहारदादांना तीच दिसली होती. याउलट अलीकडचा कोयता बहुधा मोटारगाडीच्या कमानपाट्यापासून घडवलेला असतो; त्याचे पोलाद सर्वत्र सारखे. मोटारी येण्यापूर्वी कमानपाट्याचा कोयता संभवत नाही. जुनी कानस ठोकून केलेल्या विळ्यावर कानशीचे दाते पुसट उरलेले आढळतात. कच्चा माल ओळखला की ‘याहून जुने नाही’ अशी एक सीमा हाती लागते.

१४.
दुसरी किल्ली झीज. धार वर्षानुवर्षे पाजवल्याने पात मध्यभागी अरुंद होते. लोहाराकडून वारंवार ठोकून धार काढून घेतली असेल, तर तिथली जाडी बदलते. धार एकाच बाजूने उतरती असेल, तर वापरणारा उजवा की डावा होता, याचा अंदाज बांधता येतो. पातीची पाठ चेपलेली असेल, तर कोणीतरी तिच्यावर ठोकणी मारून लाकूड फोडले आहे. ग्राइंडरचे समांतर ओरखडे मात्र अगदी अलीकडचे असतात, आणि त्यांच्याखाली सगळे जुने लेखन मिटलेले असते.

१५.
तिसरी किल्ली मूठ. लाकूड बाभळीचे, खैराचे की शिसवाचे, यावरून भोवतालचे रान कळते. बोटांच्या जागी पडलेले खळगे पाहून तळहाताचा आकार कळतो. मुठीच्या तोंडाशी लाकूड फाटू नये म्हणून घातलेले कडे कधी लोखंडी पट्टीचे, कधी नळाच्या तुकड्याचे, तर कधी नुसत्या तारेच्या वेढ्यांचे असते. फाटलेली, चिंध्या गुंडाळलेली मूठ कुरूप वाटते खरी, परंतु कोणीतरी ती टाकून न देता तिच्यावर आणखी काही सुग्या काढल्याचा तो पुरावा असतो.

१६.
येथवर आपण लोखंड वाचले. आता त्याच्याभोवतीचा संघर्ष पाहू. ठाणे व कुलाबा भागातील शेतकरी भाताच्या रोपांसाठी राब भाजत. त्यासाठी कोयत्याने झाडांच्या फांद्या, टाहळ तोडावे लागत. १८७८ च्या वन कायद्यानंतर जंगले राखीव होऊ लागली आणि पिढीजात तोड एकाएकी गुन्हा ठरू लागली. असंतोष इतका वाढला की, मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. राबाचा प्रश्न त्यातील एक मुख्य विषय होता.

१७.
पुढे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम ५२ ने वनोपजाबरोबरच गुन्ह्यात वापरलेली हत्यारे, होड्या, गाड्या आणि गुरे जप्त करण्याचा अधिकार दिला. गरीब कुटुंबाचा कोयता जप्त होणे म्हणजे त्याचा उजवा हात जप्त होणे. या पार्श्वभूमीवर १९३० चा जंगल सत्याग्रह आठवावा. लोकनायक बापूजी अणे यांनी जुलैमध्ये पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून कायदा मोडला. २५ सप्टेंबर रोजी उरणजवळच्या चिरनेर येथे अक्कादेवीच्या डोंगरावरील सत्याग्रहाच्या वेळी गोळीबार होऊन सत्याग्रही हुतात्मे झाले. मिठाच्या मुठीची जागा इथे गवताच्या पेंढीने आणि तोडलेल्या फांदीने घेतली होती.

१८.
स्वातंत्र्यानंतर या अवजाराच्या इतिहासाला आणखी एक वळण लागले. १९५० मध्ये प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखान्याचा पहिला हंगाम सुरू झाला आणि पुढील दशकांत कारखान्यांचे जाळे पसरले. बीड व भोवतालच्या दुष्काळी तालुक्यांतून हजारो कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला जाऊ लागली. मुकादम त्यांना उचल देतो आणि हिशेब ‘कोयत्यां’त मांडतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता. अवजाराच्या नावाने माणसे मोजली जातात आणि त्या मोजणीत बाईचे स्वतंत्र नाव उरत नाही. फडातला कोयता संग्रहात ठेवताना त्याच्या माहितीपत्रावर हा अर्थ लिहिलाच पाहिजे, अन्यथा आपण निव्वळ लोखंड ठेवले.

१९.
अलीकडे शहरांत ‘कोयता’ हा शब्द गुन्ह्यांच्या बातम्यांतच अधिक ऐकू येतो. अवजाराचे शस्त्र होणे नवे नाही. १५१३ मध्ये फ्लॉडनच्या लढाईत इंग्रज पायदळाने स्कॉटिश भालाईतांविरुद्ध जे ‘बिल’ नावाचे लांब दांड्याचे शस्त्र वापरले, त्याचे मूळ शेतातल्या कोयत्यातच होते. संग्राहकाने मात्र कायदा ध्यानी ठेवावा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने निव्वळ घरगुती वा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू ‘शस्त्र’ या व्याख्येबाहेर ठेवल्या आहेत. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असताना अशा वस्तू उघड्यावर बाळगणे अंगलट येऊ शकते. पात जाड कापडात गुंडाळून, बांधून न्यावी. ती परजत छायाचित्रे काढण्याचा मोह तर सर्वस्वी टाळावा.

२०.
आणखी दोन सावधगिरीच्या गोष्टी. पहिली, गंजलेला कोणताही कोयता ‘शिवकालीन’ म्हणून विकणारे पुष्कळ भेटतात. गंज हा वयाचा दाखला नव्हे. पावसाळ्यात अंगणात विसरलेली पात एका वर्षात शतकाइतकी म्हातारी दिसते. कमानपाट्याच्या पोलादाची खूण दिसली की नम्रपणे हात जोडावेत. दुसरी, शिळावर्तुळांच्या वा जुन्या वसाहतींच्या जागी जमिनीत लोखंड दिसले तर ते उचलू नये, पुरातत्त्व खात्याला कळवावे. मातीतून उपटलेली कुऱ्हाड आपल्या कपाटात येते, पण तिचा थर, तिच्या शेजारची हाडे आणि तिचा काळ मागेच राहतो.

२१.
मग संग्रह करावा कसा? पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर यांचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवू. अडकित्ते, दिवे, पेट्या, भांडी अशा नित्याच्या वस्तू त्यांनी गावोगाव हिंडून जमवल्या आणि १९७५ मध्ये तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. ज्यांना कोणी ‘ऐतिहासिक’ म्हणत नव्हते, त्या वस्तूंकडे त्यांनी आदराने पाहिले. तोच आदर विळ्या-खुरप्यांना देण्याची वेळ आली आहे.

२२.
अवजार हाती येताच, ते पुसण्याआधी, सहा गोष्टी लिहून काढाव्यात. गाव कोणते? स्थानिक नाव काय (शेजारच्या गावातले नाव वेगळे असेल तर तेही)? कोणत्या कामासाठी आणि कोणत्या महिन्यात वापरत? घडवले कोणी? वापरले कोणी, विशेषतः घरातील कोणत्या व्यक्तीने? आपल्याकडे कसे आले? त्यानंतर मोजपट्टी शेजारी ठेवून दोन्ही बाजूंची, पाठीची आणि मुठीची छायाचित्रे घ्यावीत, वजन करावे. सांगणाऱ्याच्या परवानगीने त्याचा आवाज मुद्रित करावा. हे काम अर्ध्या तासाचे आहे. ते राहून गेले, तर पुढे अर्धे आयुष्य शोधूनही भरून निघत नाही.

२३.
स्वच्छता जितकी कमी तितकी बरी. कोरड्या ब्रशने माती झाडावी, सुटा गंज हलकेच काढावा, शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात फिरवावा आणि वस्तू कोरड्या जागी ठेवावी. आम्ल, ग्राइंडर, वार्निश आणि नवी मूठ यांना सक्त मनाई. वापरात असलेले अवजार कोणाच्या हातून सोडवून घेऊ नये. हवेच असेल तर लोहाराकडून योग्य दाम देऊन नवे घडवून घ्यावे आणि घडवण्याची संपूर्ण क्रिया टिपून ठेवावी. आज घडलेला कोयता नावागावासह नोंदला, तर पन्नास वर्षांनी तो बाजारातल्या बेवारस ‘प्राचीन’ कोयत्यापेक्षा अधिक बोलेल.

२४.
येत्या खंडेनवमीला घरोघरी शस्त्रे व अवजारे पुजली जातील. गावी असाल तर पाटावर मांडलेल्या विळ्या-कोयत्यांकडे बोट दाखवून आजीला, आत्याला, काकांना एवढेच विचारा, “हा कोणाचा?” जे उत्तर मिळेल ते त्याच दिवशी लिहून ठेवा आणि वाटल्यास या धाग्याखाली नोंदवा.

माझा तो चकचकीत कोयता अजूनही माझ्यापाशी आहे. भिंतीवरून मात्र मी तो उतरवला. आता तो एका पेटीत असतो आणि त्याला एक चिठ्ठी बांधलेली आहे: “गाव: नोंद नाही. घडवणारा: नोंद नाही. पोलादी धार होती. संग्राहकाने घासून नष्ट केली.”